दोघांची परवानगी

बस, तिमो. त्या खुर्चीत नको, ती तुझ्या मामीची. समोरच्या बाकावर बस, तिथं वारा लागतो. वीज दुपारपासून गेलीय, आता या कंदिलावरच भागव. पान घे. सुपारी आजच उतरवलीय, कोवळी आहे. चुना मात्र जपून लाव. मागच्या वेळी जीभ भाजून घेतलीस आणि तीन दिवस तोंड उघडलं नाहीस, तेव्हा तुझी बायको येऊन मला मोठ्या मानानं म्हणाली होती, "तुन मेलचोर, याला रोज पाठवत जा तुमच्याकडं."

सकाळी तू गाडीतूनच ओरडून सांगितलंस, की मामा, शिकारीच्या सोडतीत तुमचं नाव निघालं, उद्याचीच पाळी आहे. मी नुसता हात वर केला. उद्या संध्याकाळी चौकीवर तूच असशील ना? मग आज मी सांगतो ते सगळं ऐक. मधे बोललास तरी चालेल, पण हसू नकोस. हसायची जागा आली की मीच सांगेन.

इकडं बघ ना. तिकडं काय आहे?

गोष्ट गेल्या मोसमातली आहे. फिनाला जाऊन अकरा महिने झाले होते. तिच्या वर्षाच्या जपमाळेची प्रार्थना जवळ आली होती, आणि त्या जेवणाला हरणाचं मटण हवंच होतं. लिंबात मुरवून, नारळाचा चव आणि मिरची घालून ती जे करायची, ते तिच्याच नावानं सगळ्या गावाला एकदा वाढायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. पोराचा ग्वामहून फोन आला. "पपा, दुकानात गोठवलेलं मिळतं, ते आणा." मी म्हणालो, "तुझ्या वर्षाला आणू." बोलून गेलो आणि मग रात्रभर जिभेला शिव्या घातल्या. एकट्या माणसाच्या तोंडाला धरबंध राहत नाही, तिमो. दिवसभर बोलायला कोणी नसतं, मग बोललं की वाकडंच निघतं.

वादळानंतर हरणं कमी झाली म्हणून तुम्ही वनखात्यावाल्यांनी शिकार बंद केली होती, ती नुकतीच उघडली होती. उघडली ती तरी कशी? बर्फाच्या पेटीत चिठ्ठ्या घालून सोडत. माणशी एकच हरीण, तेही शिंगांचा नर. मादी पाडली तर बंदूक जप्त. उजाडल्यापासून सूर्य बुडून अर्धा तास होईपर्यंतच शिकार. जाताना चौकीच्या वहीत नाव, येताना वहीत खूण, आणि गेलेला प्रत्येक माणूस परत आल्याशिवाय चौकी बंद करायची नाही. कोणी आला नाही तर चौकीवाल्यानं शोधायला जायचं. लोक कुरकुरले. मी नाही. नियम असावेत. सरकार नव्हतं तेव्हाही या लुता बेटावर झाडीत शिरायला परवानगी लागायचीच, आणि ती देणारे सोडत काढत नाहीत.

तुला तुझ्या आजीनं शिकवलंच आहे. झाडी सुरू होते तिथं थांबायचं. टोपी काढायची. जे आपल्या आधी इथं राहत होते त्यांना सांगायचं, आजी, आजोबा, आम्ही इतके जण आलोय, तुमच्या अंगणातून जाऊ द्या. किती जण ते सांगायचंच. निघतानाही सांगायचं, जितके आलो तितके निघालो. न सांगता गेलेल्याचं काय होतं हे तुझ्या त्या सायपानहून आलेल्या साहेबाला विचार. महिनाभर पाय सुजून भोपळा झाला होता, आणि दंडावर वळ असे उठले होते की अंगठा कुठला, करंगळी कुठली ते दाखवता यायचं.

तीस वर्षं मी एकच वाक्य म्हणत आलो. आजी, आजोबा, आम्ही दोघं आलोय. माझ्या मागं फिना उभी असायची, टोपी छातीशी धरून. तिनं कधी बंदूक उचलली नाही, पण तिच्याशिवाय मी कधी हरीणही पाडलं नाही. तिचे कान माझ्यापेक्षा तिखट होते. ती नेहमी दहा पावलं मागं चालायची, आणि आमच्यात एक ठरलेलं होतं, की मी मागं वळून बघायचं नाही आणि तिनं बोलायचं नाही. नर दिसला की ती टाळूला जीभ लावून दोनदा आवाज करायची. टक् टक्. मादी असली तर एकदाच. तीस वर्षं तिचं तोंड न बघता मी तिच्यासोबत फिरलो, आणि ती तिथं आहे की नाही अशी शंका मला एकदाही आली नाही.

त्या दिवशी पहाटे चौकीवर तू होतास.

"मामा, सोबत कोण?"

"कोण असणार? तुझी सासू?"

"न्याच तिला. हरणं आपणहून शरण येतील." हसलास, आणि मग पेन खाली ठेवलंस. "एकट्यानं जाऊ नका, मामा. वय काय कमी झालं का तुमचं? परवा माझी पाळी सुटते, मी येतो."

"चौकीवाल्याच्या खांद्यावर हरीण दिसलं तर गाव काय म्हणेल? लिही."

तू लिहिलंस. मेलचोर, एकटा. मी ते उलटं वाचलं. छापील वहीत तो शब्द फार लहान दिसत होता.

गाडी जपान्यांच्या जुन्या तोफेपाशी लावली आणि चढण चढून झाडीशी आलो. धुकं होतं. केवड्याची पानं ठिबकत होती, आणि चुनखडीच्या खडकांना तो ओला, थंड वास येत होता, बंद ठेवलेल्या रांजणासारखा. वटवाघळं घरी परतत होती. मी टोपी काढली. मान खाली घातली. आणि म्हणालो, "आजी, आजोबा, आम्ही दोघं आलोय. तुमच्या अंगणातून जाऊ द्या. एकच घेऊ आणि निघू."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मरायची ती मेली, खोड माझी राहिली. आणि मला ते कळलंसुद्धा नाही, तिमो. टोपी घातली आणि आत शिरलो.

अर्धा तास मी सुखात चाललो. हे तुला नीट सांगतो, कारण भीतीपेक्षा मला त्याचीच जास्त लाज वाटते. अकरा महिन्यांत पहिल्यांदा माझे खांदे सैल झाले होते. मागं पालापाचोळ्यावर पावलं वाजत होती, दहा पावलांवर, नेहमीसारखी. मी थांबलो की थांबायची. पानाचा वास येत होता, ओल्या सुपारीचा. मला सगळं बरोबर वाटत होतं. काय बरोबर आहे हे मात्र मी स्वतःला विचारलं नाही.

मग तो आडवा पडलेला वड आला. कुठल्याशा जुन्या वादळात पडलेला. तिथं खोडावर चढून मी डावा हात मागं करायचो आणि फिना धरून वर यायची. बंदूक उजव्या हातात असायची ना. माझ्या डाव्या करंगळीची दोन पेरं नाहीत हे तुला ठाऊक आहे, पहिल्या हरणाची कातडी काढताना सुरीनं गेली. फिना नेमकं तेच थोटूक धरायची. अख्खा हात असताना तेवढंच. "तुझं हे बोट मुठीत मावतं," म्हणायची.

मी खोडावर चढलो आणि हात मागं केला.

हात आला.

हलका होता. कोरडा. पण त्यानं करंगळी धरली नाही. अंगठ्यापासून एकेक बोट चाचपत गेला, अंगठा, पहिलं, मधलं… आणि थोटकापाशी येऊन थांबला. तिथं जरा वेळ तसाच राहिला, काहीतरी कमी सापडावं तसा. मग त्यानं माझा पंजा घट्ट धरला आणि वजन माझ्या हातावर टाकून कोणीतरी वर आलं.

तेव्हा मला आठवलं, की फिना मेली आहे.

आणि दुसरंही आठवलं. शेवटची चार वर्षं तिच्या डाव्या पायाला दोन बोटं नव्हती, साखरेच्या आजारानं गेली होती. ती पाय ओढत चालायची. एक पाऊल, एक फरफट. सकाळपासून मागं जी पावलं वाजत होती ती सारखी होती. एकही ओढलेलं नव्हतं.

मी वळून पाहिलं नाही. का, ते विचारू नकोस. वळलो असतो आणि तिथं कोणी नसतं, तर ते मला सोसलं नसतं. आणि कोणी असतं, तर तेही नसतं. मनाची समजूत घालायला किती वेळ लागतो? मेल्यावर माणूस धड होत असेल, म्हटलं. पाद्री तर दर रविवारी तेच सांगतो. पाय धड झाला असेल. तीसची झाली असेल ती पुन्हा.

पण मी मुळात काय म्हणालो होतो, तेही आता माझ्या कानात वाजायला लागलं होतं. दोघं आलोय, म्हणालो होतो. परवानगी दोघांना मिळाली होती. मी एक होतो. मग दुसरं माणूस त्यांनी कुठून पुरं केलं?

"फिना…?" मी म्हणालो. हळूच.

मागून आवाज आला. टक् टक्.

डाव्या हाताला, दगडांच्या पलीकडं नर उभा होता. मान वर, शिंगं ओली. मी बंदूक उचलली. पहिल्याच गोळीत पडला. इतका जवळ, इतका स्थिर नर मी तीस वर्षांत पाहिला नव्हता. कोणीतरी धरून ठेवल्यासारखा उभा होता बिचारा.

मी परवान्याची पट्टी शिंगाला बांधली आणि पोट फाडायला बसलो. मागचा पाय कोणीतरी बाजूला धरावा लागतो. मी सुरी चालवत राहिलो, डोळे सुरीच्या टोकावर, आणि पाय बाजूला धरलेला राहिला. मी मान वर केली नाही. नजरेच्या कडेला काहीतरी बसलेलं होतं, झाडीच्याच रंगाचं. काळजाचा तुकडा पानावर ठेवून बाजूला सरकवला, आमच्या घरची रीत आहे ती. परत पाहिलं तेव्हा नुसतं पान होतं.

एकट्यानं हरीण ओढत आणायचं म्हणून मी दांडा तोडून आणला होता. पाय बांधले, पुढचं टोक खांद्यावर घेतलं, आणि मागचं टोक उचललं गेलं. अर्धं वजन गेलं, तिमो. तू हरीण वाहिलं आहेस, खांद्याला फसवता येत नाही. मी चालायला लागलो तसा दांडा माझ्या पावलाशी पाऊल मिळवून हलायला लागला.

मग मी बोलायला लागलो.

झाडीत बोलायचं नाही हा आमचाच नियम, तो मी मोडला. गळक्या छपराचं सांगितलं. पोराचं सांगितलं. कॉफीचे दोन कप काढतो आणि एक परत ठेवतो, ते सांगितलं. तिच्या उशीचा अभ्रा मी अकरा महिने धुतला नव्हता, तेही सांगून टाकलं. रडत होतो की काय, आठवत नाही. नाक मात्र गळत होतं. शेवटी ते सांगितलं जे मी तुला कधी सांगितलं नाही, पाद्र्यालाही नाही. ती गेली त्या दिवशी दवाखान्याच्या विमानात सोबतच्या माणसाला एक जागा होती. नर्स म्हणाली, तुम्ही जा, मी पुढच्या विमानानं येते. मी म्हणालो, "कोंबड्यांना कोण बघेल? ती जाईल एकटी, मी मागून येतो."  स्ट्रेचरवरून फिनानं माझं हे थोटूक धरलं होतं, ते सोडलं. मी चौथ्या दिवशी पोचलो. ती दुसऱ्याच दिवशी गेली होती, पडद्यापलीकडच्या अनोळखी बायकांमधे.

कोंबड्या, तिमो. कोंबड्यांसाठी.

 दांडा फक्त हलत राहिला.

झाडीच्या कडेला पोचलो तेव्हा सूर्य बुडायला टेकला होता. कुठं दिवस गेला मला सांगता येणार नाही. सकाळी सातला हरीण पडलं होतं, वाट तासाची. दांडा खाली ठेवला. टोपी काढली. आता निघाल्याचं सांगायचं होतं.

एकटा निघालो, असं म्हणता आलं असतं. म्हणायला हवं होतं. जे कोणी होतं ते तिथलं तिथं राहिलं असतं. मी काही मूर्ख नाही, तिमो. करंगळी धरली नव्हती, पाय ओढत नव्हता, मला सगळं दिसत होतं. पण ते जर तीच असेल तर? एकदा मी तिला एकटी पाठवली होती. पुन्हा, स्वतःच्या तोंडानं, तिथं उभं राहून…

"आजी, आजोबा," मी म्हणालो, "आम्ही दोघं निघालो."

मागं झाडीत काहीतरी हुश्श झालं. वारा नव्हता.

गाडीशी आलो, हरीण मागं टाकलं, आणि सवयीनं पलीकडचं दार उघडून धरलं. सीटची स्प्रिंग करकरली. चौकीवर तू शिंगं मोजलीस, जबडा काढून पिशवीत घातलास, पट्टीचा नंबर लिहिलास. मग खिडकीशी वाकून हळू आवाजात म्हणालास, "मामा, ती बाई कोण?"

"कुठली बाई?"

"गाडीतली. तोंड फिरवून बसलीय. आपल्या इथली नाही वाटत…" आणि डोळा मारलास. "वर्ष तरी होऊ द्यायचं होतंत, मामा!"

ही हसायची जागा होती. मी हसलो. तू वहीतलं "एकटा" खोडून "दोघं" केलंस आणि फाटक वर घेतलंस. गावापर्यंत माझे हात स्टिअरिंगला चिकटून होते. तू फिनाच्या मांडीवर वाढलेला पोर. पाठमोरी असती, अंधारात असती, पोत्यात घातलेली असती, तरी तू तुझी मामी ओळखली असतीस.

पान थुंकायचं असेल तर पायरीच्या डाव्या बाजूला थुंक. आणि तो कप तिच्या खुर्चीपुढं कशाला सरकवलास? असू दे. कॉफी गारच झालीय.

पुढं ऐक. वर्षाचं जेवण छान झालं, तू तीनदा वाढून घेतलंस. मग घरात आम्ही राहायला लागलो. होय, आम्हीच म्हणतो. पहिले काही महिने मी सुखात होतो, खोटं कशाला बोलू? मागं पावलं वाजायची. दुसऱ्या कपातली कॉफी सकाळपर्यंत कमी व्हायची. मी बोलायचो आणि कोणीतरी ऐकायचं. कोंबड्या अंगणात यायच्या बंद झाल्या तेव्हा मला आनंदच झाला, त्यांचं तोंड बघायची माझी इच्छा नव्हती. कुत्रं सोंगसोंग गावी तुझ्याकडं पळून आलं, ते तुला ठाऊक आहे.

मग दोन महिन्यांपूर्वी पावलं मागं वाजेनाशी झाली. पुढं वाजायला लागली. मी खोलीतून निघायच्या आधी ती निघतात. दाराला हात घालायच्या आधी दार उघडतं. आता दहा पावलं मागं मी चालतो, तिमो.

महिन्यापूर्वी फिलोमेनाच्या दुकानात गेलो. ती माझ्या शेजारच्या मोकळ्या जागेकडं बघून म्हणाली, "तुन मेलचोर, तब्येत सुधारली की! दहा वर्षांनी लहान दिसताय." मी तिच्या नाकासमोर उभा होतो. म्हणालो, "फिलोमेना, तांदूळ दे." तिनं तांदळाची पिशवी त्या मोकळ्या जागेपुढं ठेवली.

तसा उठलो आणि तान बोनिफासियाला बोलावून आणलं. म्हातारी पाल्याची औषधं देते, असल्या गोष्टींतलं तिला कळतं. ती पायऱ्या चढलीच नाही. रस्त्यावरूनच ओरडली, "किती सांगितलेस?"

"दोन."

"आणि निघताना?"

"दोन."

"गाढवा! ते तरी काय करणार? तू मागितलंस, त्यांनी दिलं." मग जरा मऊ झाली. "परत ने. त्याच झाडीत, त्याच वाटेनं, शिकारीलाच. जाताना दोन सांग. येताना एक सांग."

"एक म्हणजे… मीच ना?"

म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या बाजूला पाहिलं. "ते मोजतात, मेलचोर. नावं विचारत नाहीत." पाऊस नव्हता, तरी छत्री उघडून निघून गेली.

झाडी बाकी वर्षभर बंद असते. मोसमाची वाट बघणं भाग होतं, आणि खरं सांगायचं तर मी ठरवलंच नव्हतं. घर पुन्हा रिकामं होणार, या विचारानं रोज रात्री कच खायचो. म्हणून यंदा मी सोडतीचा अर्ज भरलाच नाही.

असा बघू नकोस. नाही भरला. तू सकाळी सांगितलंस की नाव निघालं, आणि माझीच सही आहे, ठसठशीत, आधीपेक्षा वळणदार. अर्ज कोणी नेऊन दिला ते तू मला सांगू नकोस. तू म्हणशील, तुम्हीच दिलात की, मामा, माझ्या हातात.

सोबत आलेलं ते आता मीच व्हायला लागलंय, आणि त्याला जायचं आहे. एकच परत येणार हे त्यालाही कळलंय.

म्हणून तुला बोलावलं. मी उद्या जाणार. न जाऊन सुटका नाही, घरात बसलो तर आणखी दोन महिन्यांत मी या भिंतीइतकाही उरणार नाही. पण संध्याकाळी झाडीतून जो बाहेर येईल त्याची टोपी माझी असेल, बंदूक माझी असेल. तुझ्या सासूची चेष्टाही तो करील. त्याला वहीत खूण करू देऊ नकोस. आधी डावा हात माग. करंगळी थोटकी असेल तर मामा आला, घरी ने, मला एकट्याला झोपवत नाही, चार दिवस तुझ्याकडं ठेव. अख्खी असेल, तर माझ्या नावापुढं खूण करायची नाही. नियम आहे ना तुमचा? माणूस परत आला नाही तर चौकी बंद होत नाही. शोधायला जायचं. मग ये मला शोधायला, तिमो. टोपी काढ, किती जण आलात ते नीट मोजून सांग, आणि निघताना त्यात मला धरायला विसरू नकोस.

एवढंच मागतो. तीस वर्षांत तुझ्या मामीला मी एकदाच एकटं सोडलं. त्याची शिक्षा म्हणून तिथं राहावं लागलं तरी माझी तक्रार नसेल. पण वहीत मी आलोय असं लिहिलेलं असेल, आणि कोणी शोधायलाच येणार नाही… ते नको.

उद्या घाई असेल, उजेड कमी असेल. आत्ताच एकदा हात धरून बघ, म्हणजे बोटांना ओळख राहील. हा घे. डावा. हे थोटूक, इथं…

अरे, तिकडं कुठं हात नेतोस?

तिमो, ती फिनाची खुर्ची आहे. तिथं कोणी… सोड. सोड तो हात. काय म्हणालास?

"पाचही बोटं धड आहेत की, मामा."

तिमो… इकडं बघ. कंदिलाच्या या बाजूला. मी इकडं बसलोय.